अर्शावरील शस्त्रकर्मे आणि पुनर्विरोह : पाच वर्षांनंतरच्या रुग्णाचा विचार

अर्शावरील शस्त्रकर्म यशस्वी झाले किंवा नाही हे कोणत्या दिवशी ठरवावयाचे, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. पण चिकित्सेचे सारे तारतम्य त्यावर अवलंबून आहे. रुग्णालयातून घरी जाताना बहुतेक रुग्ण समाधानी असतात. रक्त थांबलेले असते, बाहेर येणारा मोड दिसेनासा झालेला असतो. परंतु दोन वर्षांनी, पाच वर्षांनी तोच रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे हे पाहिल्यावाचून एका पद्धतीस श्रेष्ठ व दुसरीस कनिष्ठ म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील वैद्यांना हा प्रश्न विशेष लागू पडतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून शस्त्रकर्मासाठी मिरजेची वाट धरण्याचा प्रघात या भागात पडला. पुढे कराड, सातारा, कोल्हापूर, पुणे येथेही सोयी झाल्या. शस्त्रकर्म करणारा शल्यविद रुग्णास साधारणतः पहिला महिना-दीड महिना पाहतो. त्यानंतर मलावष्टंभ झाला, पुन्हा रक्त दिसले, की जतचा रुग्ण मिरजेस किंवा दहिवडीचा रुग्ण कराडास लगेच जात नाही. तो गावातील वैद्याकडे येतो. किंवा त्याही आधी औषधाच्या दुकानात येऊन एखादे मलम मागतो. म्हणजे या शस्त्रकर्मांचे दीर्घकालीन फलित प्रत्यक्ष ज्यांच्यासमोर येते, ते आपण आहोत. ते पाहावे कसे व नोंदवावे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथकारांची कसोटी

सुश्रुतांनी अर्शाची गणना अष्टमहागदांत केली, म्हणजे स्वभावतःच दुश्चिकित्स्य अशा व्याधींत त्यास बसविले. चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात भेषज, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगून प्रत्येकाचे क्षेत्र त्यांनी आखून दिले आहे. अल्पकाळाचा, अल्प दोष-लक्षण-उपद्रवांचा अर्श भेषजसाध्य. मृदू, पसरलेला, खोल व उंचावलेला क्षारसाध्य. कर्कश, स्थिर, पृथु व कठीण अग्निसाध्य. आणि बारीक मुळाचा, उंचावलेला व क्लेदयुक्त शस्त्रसाध्य. एकच उपाय सर्वांस, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

चरकाचार्यांची दृष्टी आपल्या विषयाच्या अधिकच जवळची आहे. चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात शस्त्र, क्षार व अग्नी यांच्या वैगुण्याने होणाऱ्या उपद्रवांची यादी ते देतात. तीत शोथ, आध्मान, शूल, अतिरक्तस्राव, गुदभ्रंश, प्रसंगी मृत्यूही आहे. आणि त्याच यादीत ‘पुनर्विरोह’ म्हणजे अर्श पुन्हा उगवणे हाही आहे. तक्राची थोरवी सांगतानासुद्धा तक्राने नष्ट झालेले अर्श पुन्हा उगवत नाहीत, हाच गुण ते पुढे करतात. तात्पर्य, शस्त्र असो वा ताक, त्याची कसोटी पुनर्विरोह हीच, हे ग्रंथकारांनी ठरवून ठेवलेले आहे.

आधुनिक शल्यशास्त्रात अंतर्गत अर्शाच्या चार श्रेणी मानतात. केवळ रक्त पडते, मोड बाहेर येत नाही, ती पहिली. मोड बाहेर येऊन आपोआप आत जातो, ती दुसरी. बोटाने आत ढकलावा लागतो, ती तिसरी. आणि बाहेरच राहतो, ती चौथी. पुढील तुलना वाचताना ही श्रेणी सतत ध्यानात ठेवावी. दुसऱ्या श्रेणीतील रबर बँडचे यश आणि चौथ्या श्रेणीतील छेदनाचे यश यांची तुलना करणे म्हणजे सर्दी व श्वास यांची तुलना करण्यासारखे आहे.

छेदन : त्रास आधी, निश्चिती नंतर

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन व मॉर्गन यांनी १९३७ साली वर्णिलेली उघडी छेदनपद्धती आजही तुलनेचा मापदंड मानली जाते. अर्श मुळाशी बांधून छेदावयाचा, दोन व्रणांच्या मध्ये त्वचेचा व श्लेष्मल कलेचा पूल राखावयाचा आणि व्रण उघडा ठेवून भरू द्यावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. अमेरिकेतील फर्ग्युसन यांनी १९५९ साली व्रण टाक्यांनी बंद करण्याची रीत मांडली.

या पद्धतीचे पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात. मलप्रवृत्तीच्या वेळी तीव्र वेदना होतात, काहींना मूत्रावरोध होतो, व्रण भरण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सात ते दहा दिवसांच्या सुमारास दुय्यम रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो नेमका रुग्ण गावी परतल्यावर होतो. अशा वेळी स्तंभन औषधांवर वेळ न दवडता रुग्णास पुन्हा रुग्णालयात पाठवावे. व्रणांमधील पूल न राखल्यास गुदसंकोच, आणि संवरणी पेशीस इजा झाल्यास वायूवरील किंवा द्रव मलावरील ताबा कमी होणे, हे दूरगामी दोष होत. मात्र तिसऱ्या व चौथ्या श्रेणीत पुनर्विरोह सर्वांत कमी आढळतो तो याच पद्धतीत.

रबर बँड : एक बैठक की क्रम?

१९६३ साली बॅरन यांनी रूढ केलेल्या रबर बँड बंधनास भूल लागत नाही. दंतुर रेषेच्या वर बँड बसविला, तर वेदना अल्प असतात आणि थोड्याच दिवसांत मोड सुकून गळून पडतो. छेदन व बँड यांची तुलना करणाऱ्या २००५ सालच्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा, की तिसऱ्या श्रेणीत दीर्घकालीन फलित छेदनाचे चांगले. दुसऱ्या श्रेणीत मात्र दोन्ही जवळपास सारखी, आणि बँडचा त्रास कमी.

येथे ‘पुनर्विरोह’ या शब्दाची व्याख्या किती महत्त्वाची आहे, हे ब्रिटनमधील हबल नावाच्या चाचणीने दाखवून दिले. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या ३७२ रुग्णांत बँड आणि डॉपलरच्या साहाय्याने केलेले धमनीबंधन यांची तुलना झाली. एका वर्षाने बँडच्या गटात ४९ टक्के, तर धमनीबंधनाच्या गटात ३० टक्के रुग्णांत पुनर्विरोह नोंदला गेला. एवढेच वाचणारा बँडला बाद ठरवील. परंतु पुन्हा बँड बसविणे हा अपयशाचा पुरावा न मानता मूळ चिकित्सेचाच भाग मानला, तेव्हा ४९ चे ३७.५ टक्के झाले आणि दोन गटांतील फरक निर्णायक उरला नाही. शिवाय धमनीबंधनात आरंभीच्या वेदना अधिक व खर्चही अधिक होता.

सुश्रुतांच्या वाचकास यात नवल वाटू नये. अनेक अर्श असतील, तर आधी उजवीकडील, मग डावीकडील, मग मागील, मग पुढील, आणि प्रत्येकात सात रात्रींचे अंतर, असा क्रम त्यांनी सांगितला आहे. ठरवून केलेली दुसरी बैठक हा पुनर्विरोह नव्हे. रुग्णास आरंभीच “दोन किंवा तीन वेळा यावे लागेल” असे सांगितले, तर तिसऱ्या वेळी तो चिकित्सा फसली असे मानून निराश होत नाही, आणि आपली नोंदही खरी राहते.

बँडनंतर ज्वर, वाढत जाणाऱ्या वेदना व मूत्रावरोध ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर तो श्रोणिभागातील गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो. विरळा असला तरी तो प्राणघातक आहे. मधुमेही रुग्णांत त्याची शंका लवकर घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णात बँड किंवा क्षार योजण्यापूर्वी ती औषधे देणाऱ्या वैद्यकाशी बोलणे आवश्यक आहे.

स्टेपलर व लेसर

इटलीच्या लोंगो यांनी १९९८ च्या सुमारास पुढे आणलेल्या स्टेपलर पद्धतीत मोड न छेदता त्याच्या वरील श्लेष्मल कलेचा वलयाकार पट्टा काढून मोड वर ओढला जातो. वेदनावाही त्वचेला हात लागत नसल्याने रुग्ण लवकर कामास लागतो. त्यामुळे आरंभीच्या वर्षांत तिचा मोठा बोलबाला झाला. पण काळ गेला तसे चित्र पालटले. २००६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात स्टेपलरनंतर पुनर्विरोह व पुन्हा मोड बाहेर येणे अधिक आढळले. पुढे ईथॉस या चाचणीत ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांतील ७७७ रुग्णांची तुलना होऊन निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या काही आठवड्यांत स्टेपलरच्या रुग्णांना वेदना कमी होत्या. परंतु दोन वर्षांनी पुन्हा लक्षणे दिसण्याचे प्रमाण स्टेपलरच्या गटात ४२ टक्के, तर छेदनाच्या गटात २५ टक्के भरले. जीवनमानाचा एकूण हिशेबही छेदनाच्या बाजूने झुकला, आणि खर्च स्टेपलरचा अधिक ठरला.

सहाव्या दिवशी श्रेष्ठ वाटलेली पद्धती दोन वर्षांनी मागे पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. छेदनाचे २५ टक्केही डोळ्यांआड करू नयेत. रुग्णाने स्वतः सांगितलेली लक्षणे मोजली, तर ‘कायमचा बरा’ हे शब्द कोणत्याच पद्धतीला शोभत नाहीत.

सध्या फलकांवर व जाहिरातींत लेसरचे नाव सर्वाधिक दिसते. रक्त अल्प, वेदना अल्प, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काम, हे तिचे गुण बहुतांशी खरे आहेत. तथापि तिच्या दीर्घकालीन नोंदी अद्याप थोड्या आहेत. स्वित्झर्लंडमधील ५० रुग्णांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाचएक वर्षांच्या काळात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना त्रास पुन्हा सुरू झाला. लेसर वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. दुसऱ्या श्रेणीच्या योग्य रुग्णास ती सुखकर ठरू शकते. पण कर्ज काढून लेसर करणाऱ्या द्राक्षबागायतदारास अथवा ऊसतोड मजुरास हे प्रमाण आधी सांगावयास हवे.

या सर्व पद्धती एका ओळीत मांडल्या, तर एक सूत्र हाती येते : पहिला पंधरवडा जितका सोपा, तितकी पुढे पुन्हा येण्याची शक्यता अधिक, पहिला पंधरवडा जितका कष्टाचा, तितकी पुढची वर्षे सहसा निर्धास्त. कोणती किंमत केव्हा द्यावयाची, हे रुग्णाने समजून ठरवावे, आणि ते समजावून देणे हे आपले काम आहे.

क्षारकर्म व क्षारसूत्र : आपली बाजू

सुश्रुतांनी छेदन, भेदन व लेखन ही तिन्ही कर्मे करणारा म्हणून क्षारास शस्त्र-अनुशस्त्रांत श्रेष्ठ म्हटले. अपामार्गाचा तीक्ष्ण प्रतिसारणीय क्षार अर्शोयंत्रातून मोडावर लावावा, शंभर मात्रा मोजाव्यात, पिकलेल्या जांभळासारखा वर्ण आला की अम्लद्रव्याने धुवावे, हा विधी आपणा सर्वांस परिचित आहे. वाग्भटांनी दिलेला इशारा मात्र पुष्कळदा विसरला जातो. गुदात क्षाराचा अतियोग झाल्यास मलमूत्राचा अवरोध किंवा अतिप्रवृत्ती, क्लैब्य आणि मृत्यूही संभवतो, असे त्यांनी सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात स्पष्ट केले आहे. आजच्या भाषेत हाच गुदसंकोच व हाच मलावरील ताबा जाणे. तेव्हा क्षारकर्म ‘निरुपद्रवी’ आहे असे म्हणणे हे वाग्भटांस सोडून बोलणे होय.

चक्रदत्ताने स्नुहीक्षीर व हरिद्रा यांनी भावित सूत्र अर्श व भगंदर या दोहोंसाठी सांगितले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. एस. शंकरन, डॉ. पी. जे. देशपांडे प्रभृतींनी त्यास प्रमाणित रूप दिले : अकरा लेप स्नुहीक्षीराचे, सात क्षीर व अपामार्गक्षाराचे, तीन क्षीर व हरिद्रेचे, असे एकवीस लेप. ज्या हरिद्रेच्या सौद्यांसाठी सांगली देशभर प्रसिद्ध आहे, तीच या सूत्राचे अखेरचे आवरण आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीचा दाखला आपण अभिमानाने देतो. एका वर्षाने क्षारसूत्राच्या गटात ४ टक्के, तर शस्त्रकर्माच्या गटात ११ टक्के पुनरुद्भव आढळला. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्रात आठ, तर शस्त्रकर्मात चार आठवडे लागले. परंतु ही चाचणी भगंदराची आहे, अर्शाची नव्हे. ते आकडे अर्शाच्या फलकावर लावणे अशास्त्रीय आहे. अर्शातील क्षारकर्म व क्षारसूत्रबंधन यांवर आयुर्वेद महाविद्यालयांतून अनेक प्रबंध झाले. पण बहुतेकांतील निरीक्षणकाल काही आठवडे वा महिने एवढाच असतो. पाच वर्षांनंतरचा रुग्ण त्यांत सहसा भेटत नाही. क्षारकर्माचे फलित कमी आहे असे यातून सिद्ध होत नाही, अधिक आहे असेही सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते, एवढे मात्र निश्चित होते.

ही जबाबदारी अलीकडे वाढली आहे. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये पदव्युत्तर आयुर्वेद शिक्षणातील ५८ शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित केली. त्यांत शल्याची ३९ व शालाक्याची १९ होती, आणि अर्शावरील कर्मे शल्यात होती. त्या वेळी डिसेंबरमध्ये देशभर वैद्यकांनी संप करून विरोध नोंदविला. तो वाद वृत्तपत्रांतून मिटणार नाही. किती रुग्ण, कोणती श्रेणी, पाच वर्षांनी काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या वहीत असतील, त्याचेच म्हणणे शेवटी टिकेल.

निदानपरिवर्जन आणि येथील जीवनक्रम

शस्त्राने मोड जातो, हेतू जात नाही. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत उन्हाळ्यात पाणी बेताने पिण्याची सवय, भाकरीसोबत तिखट खर्डा, भाजीचा तुटवडा, गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रकवर रात्रंदिवस बैठक, मलवेगधारण, विटा-खानापूर भागातून परप्रांतांत गेलेल्या गलाई व्यावसायिकांचे भट्टीजवळचे काम, हे सारे हेतू शस्त्रकर्मानंतर तसेच राहिले, तर कोणत्याही पद्धतीचे श्रेय टिकणार नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात सात चाचण्यांतील ३७८ रुग्णांचा विचार होऊन, आहारात तंतुमय द्रव्य वाढविल्याने रक्तस्राव सुमारे निम्म्याने कमी होतो, असे आढळले. इसबगोल, पालेभाज्या, सुरण, ताजे गोड ताक, पुरेसे पाणी व शौचास जोर न करणे, हे पथ्य शस्त्रकर्मापूर्वी सुरू करून पुढेही चालू ठेवावे. पहिल्या व दुसऱ्या श्रेणीतील कित्येकांना त्यानंतर शस्त्राची गरजच राहत नाही.

औषधविक्रेत्यांस विनंती

रक्त पडते म्हणून मलम मागणाऱ्यास मलम देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : वय चाळिशीच्या पुढे आहे काय? मलप्रवृत्तीची सवय अलीकडे बदलली आहे काय? वजन घटले आहे काय? घरात कोणास आतड्याचा कर्करोग झाला होता काय? एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर रुग्णास वैद्याकडे धाडावे. वैद्यानेही गुदपरीक्षणावाचून अर्शाचे निदान करू नये. मलाशयाचा कर्करोग ‘जुनी मूळव्याध’ या नावाखाली महिनोन्महिने वाढत राहतो, आणि आधी कधी अर्शाचे शस्त्रकर्म झालेले असेल, तर रुग्ण व घरचे दोघेही निर्धास्त राहतात. पुनर्विरोह समजून केवळ गोळ्या देत राहण्यात हाच सर्वांत मोठा धोका आहे.

स्टेरॉइडयुक्त मलमे आठवड्याहून अधिक काळ स्वतःहून वापरू देऊ नयेत. तीव्र रेचके रोज घेण्याची सवय लावू नये. इसबगोल देताना भरपूर पाणी पिण्यास सांगावे. पारदयुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत, आणि नावपत्र नसलेले ‘मूळव्याधीचे रामबाण’ दुकानात ठेवू नये.

एक वही

प्रत्येक चिकित्सकाने अर्शासाठी स्वतंत्र वही ठेवावी. तीत पुढील नोंदी पुरेशा आहेत.

१. कर्माचा दिनांक, नाव व ते कोठे झाले. शल्यविद दुसरा असला तरीही.
२. कर्मापूर्वीची श्रेणी व मोडांची संख्या.
३. ठरलेल्या बैठका किती व प्रत्यक्ष झाल्या किती.
४. एक महिना, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे व पाच वर्षे या टप्प्यांवर : रक्त, मोड बाहेर येणे, वेदना, खाज, मलाची धार बारीक होणे, वायू व मल यांवरील ताबा.
५. पथ्य चालू आहे किंवा कसे.
६. न ठरलेले दुसरे कर्म करावे लागले काय, व कोणते.

जे रुग्ण मुंबईत माथाडीत किंवा परप्रांतांत गलाईच्या कामात आहेत, ते दिवाळीस व गावच्या यात्रेस घरी येतात; त्यांची तपासणी त्या दिवसांत योजावी. जे आले नाहीत, त्यांना दूरध्वनी करावा. न आलेला रुग्ण बरा झालाच असे धरू नये. तो दुसरीकडे गेलेला असू शकतो. एका वैद्याच्या वहीत पाच वर्षांत पन्नास रुग्ण भरतील. दोन जिल्ह्यांतील वैद्यांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवून त्या नाव-गाव वगळून एकत्र केल्या, तर क्षारकर्माविषयी आज जे केवळ मत आहे त्याला प्रमाणाचा आधार मिळू शकेल. साताऱ्याचे आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय व अन्य आयुर्वेद संस्थांतील शल्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही प्रबंधासाठी हा विषय घेण्याजोगा आहे.

उपसंहार

पहिल्या श्रेणीस पथ्य व भेषज. दुसरीस त्याबरोबर बँड किंवा क्षार, क्रमाने. तिसरीस मोडांचे स्वरूप व रुग्णाची निवड पाहून बँड, क्षार, क्षारसूत्र वा छेदन. चौथीस बहुधा छेदन, असा आजच्या ज्ञानाचा निष्कर्ष काढता येतो. सुश्रुतांचे चतुर्विध क्षेत्रविभाजन याहून फार दूर नाही. स्टेपलर व लेसर यांचा निर्णय पुनर्विरोहाचे आकडे रुग्णापुढे ठेवूनच व्हावा, आणि क्षाराचे आकडे आपण जमवावेत. चरकांनी पुनर्विरोह उपद्रवांत गणला. तो मोजण्याचे कष्ट जो घेईल, त्याच्याच चिकित्सेवर रुग्णाचा विश्वास दीर्घकाळ टिकेल.